रिचमंडचा महिला रग्बी संघ : एका हौशी क्लबाच्या वाढीचे प्रकरण

रिचमंड हे लंडनच्या नैर्ऋत्येकडील थेम्सकाठचे उपनगर. १८६१ साली स्थापन झालेला तिथला रग्बी क्लब इंग्लंडमधील सर्वांत जुन्या क्लबांपैकी एक असून, त्याच्या मैदानावर १९८० च्या दशकाच्या मध्यापासून महिलांचाही संघ खेळत आला आहे. या संघाने देशातील सर्वोच्च स्पर्धा अनेकदा जिंकली, राष्ट्रीय संघाला पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू पुरवल्या आणि महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा त्याच्याच सभासदांनी भरवली. असे असूनही २०२० साली देशाच्या सर्वोच्च लीगमधून त्याला वगळण्यात आले.

हौशी क्लबाची वाढ म्हणजे सभासदांची संख्या आणि जिंकलेले चषक, अशी समजूत असेल तर हे प्रकरण उलगडत नाही. रिचमंडच्या महिला संघाची खरी वाढ झाली ती खेळाडूंनी मैदानाबाहेर अंगावर घेतलेल्या कामांतून, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. मैदान, भांडवल आणि नियम ठरवण्याचा अधिकार या गोष्टी त्यांच्या हाती कधीच पूर्णपणे आल्या नाहीत, आणि पुढे वाढीची मर्यादा ठरवली ती याच गोष्टींनी.

विद्यापीठातून क्लबाकडे

इंग्लंडमध्ये महिलांच्या संघटित रग्बीची सुरुवात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुख्यतः विद्यापीठांमध्ये झाली. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये १९७८ साली ज्या विद्यार्थिनींनी हा खेळ सुरू केला, त्यांत डेबोरा ग्रिफिन होत्या. विद्यापीठात संघ काढणे तुलनेने सोपे असते. वसतिगृहात ओळखी असतात, मैदान मिळते, बसभाड्याला विद्यार्थी संघटनेची मदत होते, आणि नवे काही करून पाहण्याची त्या वयातली तयारी असते. अडचण असते ती टिकण्याची. पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यामुळे दर वर्षी संघाचा साधारण तिसरा हिस्सा निघून जातो आणि जाताना आपला अनुभवही घेऊन जातो. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांच्या पुढच्या खेळाडू एकमेकींना भिडून जोर लावतात तेव्हा, पाय कुठे रोवायचे, टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन धावणारीला पकडून पाडताना, डोके कोणत्या बाजूला ठेवायचे, सामन्याच्या दिवशी पंचाला कोणी आणि कधी कळवायचे, या साऱ्या गोष्टी दर तीन वर्षांनी नव्याने शिकाव्या लागतात.

पदवी घेऊन नोकरीला लागलेल्या या मुलींना खेळत राहायचे असेल तर विद्यापीठाबाहेरचा, कोणालाही दार उघडे असलेला क्लब हवा होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रिफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर लंडनमधील फिंचलीच्या क्लबाच्या आधाराने असा संघ उभा केला, आणि काही हंगामांनंतर हा गट रिचमंडला आला. या स्थलांतराचे महत्त्व सहसा फारसे सांगितले जात नाही. माझ्या मते पुढच्या वाढीचा निम्मा भाग त्यातच आहे. रिचमंडचे ॲथलेटिक ग्राउंड रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या, बहुधा स्वतःची मोटार नसलेल्या विशी-पंचविशीतल्या खेळाडूला क्लबाच्या लौकिकापेक्षा आधी हे अंतर दिसते. लंडनमध्ये नोकरीसाठी नव्याने येणाऱ्या पदवीधर खेळाडूंचा ओघ दर शरद ऋतूत सुरू होत असे, आणि त्या ओघाच्या वाटेवरच हा क्लब येऊन बसला.

१९८३ साली विमेन्स रग्बी फुटबॉल युनियनची स्थापना झाली. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड या सर्वांसाठी मिळून ही एकच संघटना होती आणि तिच्या प्रारंभीच्या सदस्यांमध्ये विद्यापीठांच्या संघांचा भरणा होता. रग्बी फुटबॉल युनियन या इंग्लंडमधील पुरुषांच्या रग्बीच्या नियामक संघटनेपासून ती स्वतंत्र होती. स्वतंत्र असणे म्हणजे कोणाचा जाच नसणे हे खरे, पण त्याचाच दुसरा अर्थ कोणाचा पैसाही नसणे असा होता. वेळापत्रक, नोंदणी, विमा, पंचांची व्यवस्था, राष्ट्रीय संघाची निवड या सगळ्याला माणसे हवी होती, आणि ती खेळाडूंमधूनच आली. रविवारी जी मैदानात उतरे, तीच सोमवारी संघटनेची पत्रे लिही.

पंधरा जणी उभ्या करण्याचे गणित

रग्बी युनियन या खेळप्रकारात संघात पंधरा खेळाडू असतात, आठ पुढच्या फळीत आणि सात मागे. या आकड्यावरून क्लबाला किती माणसे लागतात याचा अंदाज बांधणारा हमखास फसतो. नोकरी, आजारपण, परीक्षा, घरातले कार्य आणि मुख्य म्हणजे दुखापती यांमुळे दर आठवड्याला बरीच नावे गळतात. एक संघ संपूर्ण हंगाम नेमाने मैदानात उतरवायचा तर त्याच्या जवळपास दुप्पट खेळाडू पटावर असाव्या लागतात, असा हौशी क्लबांचा सर्वसाधारण अनुभव आहे.

त्यातही सर्व जागा सारख्या नसतात. स्क्रमच्या पहिल्या रांगेत दोन प्रॉप आणि मधोमध हुकर अशा तिघी असतात. दोन्ही बाजूंचा सगळा भार त्यांच्या मानेवर आणि खांद्यांवर येतो, म्हणून या जागी प्रशिक्षित खेळाडूच उभी राहू शकते, असा नियम आहे. तेवीस जणींच्या चमूत पहिल्या रांगेत खेळू शकणाऱ्या किमान सहा जणी असाव्या लागतात. त्या नसतील किंवा जखमी होऊन कमी पडल्या, तर स्क्रम जोर न लावता, केवळ नावापुरता खेळवावा लागतो आणि खेळाचा कणाच मोडतो. ज्या क्लबात विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेने, धावायला दहा जणी आणि प्रॉपला दोघीच असतात, तो कागदावर कितीही मोठा दिसला तरी एका मानेच्या दुखापतीने लंगडा होतो. भरतीच्या जाहिरातींत वेगाने धावणाऱ्या मुलीचे छायाचित्र छापण्याची सर्वत्र रूढी आहे. गरज मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच शरीरयष्टीची असते. महिला रग्बीने इतर खेळांत ज्यांना जागा मिळाली नव्हती अशा कितीतरी जणींना सामावून घेतले, त्याचे एक कारण या साध्या गरजेत सापडते.

दुसरी गोष्ट प्रौढ नवशिक्यांची. पुरुषांच्या क्लबात येणारा वीस वर्षांचा तरुण शाळेपासून खेळत आलेला असतो. महिलांच्या क्लबात त्या काळी येणारी बहुतेक प्रत्येक जण विद्यापीठातच प्रथम खेळलेली किंवा अगदीच कोरी असे. त्यामुळे क्लबालाच शाळेचेही काम करावे लागे. नवखीला पहिल्याच आठवड्यात अनुभवी खेळाडूंच्या पुढ्यात उभे केले तर ती एक तर जखमी होते किंवा परत येत नाही. पडायचे कसे हे आधी शिकवावे लागते, मग पाडायचे कसे. म्हणूनच हौशी महिला क्लबात दुसरा संघ निघणे ही चैन नसते. नवखीला हारजितीचा ताण न घेता खेळायला मिळते ते तिथेच, दुखापतीतून उठणारी खेळाडू परततेही तिथेच, आणि नोकरी वाढल्यामुळे किंवा मूल झाल्यामुळे आठवड्यातून एकच संध्याकाळ देऊ शकणारी माजी खेळाडू टिकून राहतेही तिथेच. रिचमंडने एकाहून अधिक महिला संघ चालवले. त्याच्या दीर्घायुष्याचे स्पष्टीकरण पहिल्या संघाच्या विजयांपेक्षा या दुसऱ्या संघात अधिक मिळते, असे मला वाटते. वरच्या संघाच्या यशाने माणसे आकर्षित होतात हे खरे. टिकतात ती खालच्या संघामुळे.

मैदानाची बाजू वेगळी होती. इंग्लंडमध्ये पुरुषांचे सामने शनिवारी आणि महिलांचे रविवारी, अशी परंपरा पडली. रविवारी मैदान मोकळे असे ही सोय होती, पण आदल्या दिवशीच्या सामन्यांनी तुडवलेल्या चिखलात खेळावे लागे, आणि शनिवारी हजर असणारे स्वयंसेवक, गॅलरीतले प्रेक्षक आणि उपाहारगृहातली वर्दळ रविवारी नसे. यजमान क्लबाने जागा दिली, रंग दिले, नाव दिले. या आश्रयाला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण त्या काळात अनेक क्लबांनी महिलांना दारातही उभे केले नव्हते. तरीही मैदानावर पहिला हक्क कोणाचा, हे कधी संदिग्ध नव्हते.

क्लबाच्या खांद्यावर विश्वचषक

१९८६ च्या एप्रिलमध्ये ग्रेट ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातील महिलांचा आंतरराष्ट्रीय सामना रिचमंडच्या मैदानावर झाला आणि फ्रान्सने तो १४–८ असा जिंकला. त्याआधीच्या वर्षी वायव्हर्न्स हा अमेरिकी खेळाडूंचा निवडक संघ इंग्लंड व फ्रान्सच्या दौऱ्यावर येऊन अपराजित परतला होता. आपण जिथे आहोत त्याच्या कितीतरी पुढे महिलांचा खेळ जाऊ शकतो, हे इंग्लिश खेळाडूंना त्या दौऱ्याने दाखवले. ५ एप्रिल १९८७ रोजी पाँटीपूल येथे इंग्लंडचा पहिला स्वतंत्र सामना वेल्सशी झाला आणि इंग्लंडने तो २२–४ असा जिंकला. १९९० मध्ये न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे महिला रग्बीचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला. पुरुषांची पहिली विश्वचषक स्पर्धा १९८७ मध्येच पार पडली होती. महिलांची भरवण्याचा विचार मात्र कोणत्याही अधिकृत मंडळाच्या अजेंड्यावर नव्हता.

हा विचार रिचमंडच्या चार सभासदांनी हाती घेतला. डेबोरा ग्रिफिन यांनी आयोजनाची मुख्य धुरा सांभाळली, स्यू डॉरिंग्टन यांनी प्रायोजक मिळवण्याची, ॲलिस कूपर यांनी प्रसिद्धीची आणि मेरी फॉर्साइथ यांनी हिशेबाची. चौघीही नोकरदार होत्या, आणि डॉरिंग्टन तर त्याच वेळी इंग्लंडच्या हुकर म्हणून स्पर्धेची तयारी करत होत्या. रग्बीच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने स्पर्धेला अधिकृत मान्यता दिली नाही. मोठा प्रायोजक मिळाला नाही. प्रत्येक देशाच्या संघाने स्वतःचा प्रवास आणि राहण्याचा खर्च स्वतःच करावा, या अटीवरच हे सारे शक्य होणार होते.

त्यांचे निर्णय बारकाईने पाहण्यासारखे आहेत. स्पर्धा त्यांनी लंडनमध्ये न घेता दक्षिण वेल्समध्ये घेतली. तिथे रग्बीचे क्लब एकमेकांपासून थोड्या अंतरावर आहेत आणि रग्बी हा लोकांच्या नित्याच्या बोलण्यातला विषय आहे, त्यामुळे बारा संघांना एका शहरात उतरवून जवळपासच्या मैदानांवर सामने घेणे परवडू शकत होते. कालावधी ६ ते १४ एप्रिल १९९१ असा, जेमतेम नऊ दिवसांचा ठेवला. रजा काढून येणाऱ्या हौशी खेळाडूंसाठी याहून लांब स्पर्धा अशक्यच होती. त्याची किंमत मात्र शरीराने मोजली, कारण थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने इतके सामने खेळणे आज कोणतेही मंडळ मान्य करणार नाही.

सोव्हिएत संघाची हकिगत अनेकदा सांगितली जाते. परकीय चलन जवळ नसल्यामुळे त्या खेळाडू विकण्यासाठी व्होडका, कॅव्हियार आणि लाकडी बाहुल्या घेऊन आल्या होत्या, आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्याची चौकशी केली. ही हकिगत गंमत म्हणून सांगितली जाते खरी, पण आयोजकांच्या दृष्टीने ती बारापैकी एका संघाच्या जेवणाखाण्याची आणि निवासाची समस्या होती, आणि ती सोडवायला वरिष्ठ कार्यालय नावाची कोणतीही गोष्ट अस्तित्वात नव्हती. कार्डिफ आर्म्स पार्कवरच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने इंग्लंडला १९–६ असे हरवले. स्पर्धेचा हिशेब तोट्यात गेला. आंतरराष्ट्रीय मंडळाने अधिकृत ठरवलेली पहिली महिला विश्वचषक स्पर्धा १९९८ मध्ये ॲमस्टरडॅमला झाली आणि १९९१ च्या स्पर्धेला मान्यता मिळाली ती पुष्कळ नंतर, पूर्वलक्षी पद्धतीने. २०२२ मध्ये या चौघींचा वर्ल्ड रग्बीच्या, म्हणजे त्याच आंतरराष्ट्रीय मंडळाच्या आजच्या रूपाच्या, हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

क्लबाच्या वाढीच्या दृष्टीने या प्रसंगातून काय हाती लागते? नाव झाले आणि ओघ वाढला, हे वरवरचे. त्याहून महत्त्वाचे असे की, हिशेबनीस, प्रसिद्धी जाणणारी, वाटाघाटी करणारी अशा निरनिराळ्या व्यवसायांतल्या स्त्रिया या क्लबात खेळाडू म्हणून एकत्र आल्या होत्या आणि एकमेकींच्या व्यावसायिक कौशल्याची त्यांना माहिती होती. पगारी कर्मचारी नेमण्याची ऐपत नसलेल्या संस्थेकडे हेच भांडवल असते. मात्र ते वहीत दिसत नाही, म्हणून त्याची झीजही दिसत नाही. दीर्घ काळ क्लब, राष्ट्रीय संघटना आणि विश्वचषक या तिन्ही पातळ्यांवर त्याच त्या मोजक्या स्त्रिया काम करत होत्या. अशा वेळी त्यांच्यापैकी एकीने जरी थांबायचे ठरवले, तरी एका वेळी दोन-तीन कामे उघड्यावर पडतात. हौशी क्लब कोसळतात ते बहुधा हरल्यामुळे नव्हे. सचिवाच्या जागी कोणी पुढे येत नाही म्हणून कोसळतात.

शेजारच्या संघाचे व्यावसायिक साहस

ऑगस्ट १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने रग्बी युनियन व्यावसायिकांना खुले केले. पुढच्याच वर्षी ॲशली लेव्हिट या धनिकाच्या पैशावर रिचमंडचा पुरुष संघ व्यावसायिक झाला, नामवंत खेळाडू करारबद्ध झाले, संघ वरच्या विभागात चढला आणि मोठ्या प्रेक्षागृहासाठी रीडिंगमधील मादेस्की स्टेडियमवर गेला. १९९९ मध्ये मालकाने हात आखडता घेताच कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि व्यावसायिक संघ लंडन आयरिशमध्ये विलीन करण्यात आला. हौशी क्लबाने २००० मध्ये तळाच्या विभागांतून पुन्हा सुरुवात केली आणि २०१६ मध्ये तो दुसऱ्या स्तरापर्यंत परत चढला.

महिलांच्या संघाला या वादळाने उखडले नाही, कारण त्या पैशावर तो उभाच नव्हता. त्याच्या वर्गण्या, त्याचे स्वयंसेवक, त्याच्या खेळाडू सगळे हौशीच्या बाजूचे होते. यातून क्लबाने जो धडा घेतला तो समजण्यासारखा आहे : खेळाडूंना पगार देऊ करणाऱ्या कुणाच्याही मागे जायचे नाही आणि खर्च मिळकतीच्या आत ठेवायचा. अडचण अशी की त्यानंतर दोन दशकांनी महिलांच्या खेळाचा सर्वोच्च स्तर नेमका त्या दिशेने निघाला.

मानकांची लीग

२०१४ मध्ये इंग्लंडच्या महिलांनी पॅरिसमध्ये कॅनडाला २१–९ असे हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा कर्णधार केटी मॅकलीन शिक्षिका होत्या आणि सोफी हेमिंग पशुवैद्य. म्हणजे जगज्जेता संघही नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांचाच होता. त्यानंतर चित्र भराभर बदलले, आणि जानेवारी २०१९ पासून रग्बी फुटबॉल युनियनने २८ खेळाडूंना पंधरा जणींच्या खेळासाठी पूर्णवेळ करार दिले.

त्याआधीच, वरच्या दर्जाच्या खेळाडूंना दर आठवड्याला तोडीचे सामने हवेत, या विचाराने २०१७ मध्ये प्रीमियर १५ ही नवी लीग सुरू झाली होती. तिच्यातील प्रवेश मैदानावरच्या निकालांनी ठरला नाही. निविदा मागवल्या गेल्या आणि दहा क्लब निवडले गेले. प्रशिक्षक, शारीरिक तयारीचे तज्ज्ञ, वैद्यकीय सेवा, सुविधा आणि आर्थिक क्षमता यांची किमान मानके ठरवली गेली, तीन वर्षांसाठी युनियनने २४ लाख पौंडांची तरतूद केली, आणि क्लबांनीही स्वतःचा वाटा उचलणे अपेक्षित होते. सर्वोच्च स्तरावर वर्षानुवर्षे खेळत आलेला लिचफिल्ड क्लब या निवडीत बाहेर राहिला, आणि त्यावर बरीच टीका झाली. रिचमंड आत आला. तीन वर्षांनी निविदांची दुसरी फेरी झाली, तेव्हा रिचमंड आणि वॉटरलू या दोघांना वगळून एक्सेटर चीफ्स आणि सेल शार्क्स या व्यावसायिक पुरुष संघ असलेल्या क्लबांना जागा दिली गेली. ज्या हंगामाअखेर हा निर्णय आला, तो महासाथीमुळे अर्धवटच रद्द झाला होता. खेळून उत्तर देण्याची संधीही उरली नव्हती.

या निर्णयाचे मूल्यमापन करताना दोन्ही टोके टाळली पाहिजेत. मानके हा दिखावा होता असे म्हणता येणार नाही. जिथे खेळाडू पूर्ण वेगाने एकमेकींवर आदळतात, तिथे मैदानालगत डॉक्टर असणे, डोक्याला मार लागल्यावर शिस्तीने तपासणी होणे, मानेच्या स्नायूंची तयारी करून घेणारा जाणकार असणे ही चैन नव्हे. एका संघातल्या करारबद्ध खेळाडू दिवसभर व्यायामशाळेत आणि दुसऱ्या संघातल्या कामावरून थेट सरावाला, अशा दोन संघांना समोरासमोर उभे करणे धोक्याचेही असू शकते. जो खर्च व्यावसायिक क्लबात पुरुष संघासाठी आधीच झालेला असतो, तोच रिचमंडसारख्या क्लबाला शून्यातून करावा लागणार होता, हे वास्तव नाकारण्यात अर्थ नाही.

पण निविदेत मोजले गेले ते क्लब काय खर्च करू शकतो. तो काय घडवतो हे मोजायची सोय तिच्यात फारशी नव्हती. कोरी करकरीत आलेली बावीस वर्षांची स्त्री तीन-चार हंगामांत वरच्या दर्जाची प्रॉप होणे, ही रिचमंडची खरी मिळकत. तिचा फायदा लीगमधल्या इतर संघांनाही होत असे, आणि तिच्यासाठी कोणत्याही रकान्यात गुण नव्हते. शिवाय श्रीमंत क्लबाशी जोडलेला संघ सुरक्षित असतो हे गृहीतकही फार काळ टिकले नाही. २०२२ च्या शरद ऋतूत वूस्टर आणि वॉस्प्स हे दोन्ही व्यावसायिक क्लब आर्थिकदृष्ट्या कोसळले, आणि पुढच्या वर्षी लंडन आयरिशही. २०२३ मध्ये लीगची फेररचना होऊन ती प्रीमियरशिप विमेन्स रग्बी या नावाने नऊ संघांची झाली, तेव्हा २०१७ च्या मूळ दहांपैकी ब्रिस्टल, ग्लॉस्टर-हार्टपरी, हार्लेक्विन्स, लफबरो आणि सॅरासेन्स हे पाचच उरले होते. सहा वर्षांत निम्मे क्लब गेले. इतकी उलथापालथ झालेल्या रचनेत एकट्या रिचमंडचे अपयश शोधणे मला अन्यायाचे वाटते.

उरलेल्या पाचांकडे पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. लफबरो हा विद्यापीठाचा संघ आहे आणि ग्लॉस्टर-हार्टपरीचा पाया हार्टपरी विद्यापीठात आहे. विद्यार्थिनी तीन वर्षांनी निघून जातात, या ज्या अडचणीतून खुल्या क्लबांचा जन्म झाला, ती या विद्यापीठांनी सर्वोच्च लीगमध्ये स्वतःचा संघ उतरवून बऱ्याच अंशी सोडवली. पूर्वी पदवीनंतर लंडनला येऊन क्लब शोधणारी चांगली खेळाडू आता शिकत असतानाच लीगमध्ये खेळते आणि तिथेच राहते. रिचमंडच्या वाढीचा मूळ झरा असा वरच्या अंगालाच अडवला गेला. २०२० चा निर्णय झाला नसता तरी हा बदल क्लबाला जाणवलाच असता, आणि कदाचित अधिक हळूहळू, म्हणून अधिक अवघडपणे.

वगळल्यानंतरचा क्लब

लीगमधून बाहेर पडल्यावर सर्वोच्च दर्जाचा खेळ हवा असलेल्या खेळाडूंना इतरत्र जाणे भाग होते. क्लबाचा महिला विभाग दुसऱ्या स्तरावर खेळत राहिला. हौशी क्लबाच्या दृष्टीने हा उतार सर्वस्वी नुकसानीचा नसतो, कारण वैद्यकीय आणि प्रशिक्षणाच्या वाढत्या खर्चाचे ओझे उतरते, पहिल्या आणि दुसऱ्या संघातले अंतर कमी होते आणि नवखीला वर चढण्याची वाट पुन्हा दिसू लागते. जाते ती ओढ, म्हणजे राष्ट्रीय संघातल्या खेळाडूबरोबर एकाच चिखलात सराव करण्याची संधी. पूर्वी रिचमंडमध्ये पहिला टॅकल शिकणारी आणि इंग्लंडकडून खेळणारी या दोघी एकाच संध्याकाळी एकाच मैदानावर असत. आता त्यांच्यामध्ये करारपत्र आहे.

व्यक्तींचा प्रवास मात्र वेगळ्या दिशेने झाला. डेबोरा ग्रिफिन पुढे रग्बी फुटबॉल युनियनच्या परिषदेवर आणि वर्ल्ड रग्बीच्या परिषदेवर गेल्या आणि २०२५ मध्ये युनियनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला ट्विकनम येथे ८१,८८५ प्रेक्षकांसमोर इंग्लंडने कॅनडाला ३३–१३ असे हरवून विश्वचषक जिंकला. क्लबाच्या समितीत मिळालेले प्रशिक्षण या स्त्रियांना जागतिक पातळीपर्यंत घेऊन गेले, पण ते प्रशिक्षण देणाऱ्या क्लबाला त्याचा मोबदला मिळावा अशी तरतूद कोणत्याही रचनेत नाही. खेळाडू घडवणाऱ्या क्लबाला भरपाई देण्याची कल्पना इतर खेळांत रुळलेली आहे. प्रशासक, पंच आणि प्रशिक्षक घडवणाऱ्याला ती देण्याचा विचार कुठेच झालेला दिसत नाही.

अशा प्रेक्षकसंख्येनंतर क्लबांच्या दाराशी नवख्या मुलींची आणि स्त्रियांची संख्या वाढते, हे सगळ्याच खेळांत दिसते. त्यांतल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलींसाठी आता वयोगटांचे संघ आणि निवड-प्रशिक्षणाची वाट आहे. पंचविशीतल्या स्त्रीला मात्र व्यावसायिक लीगचा संघ घेऊ शकत नाही आणि घेणारही नाही. तिला हवा आहे रविवारचा दुसरा संघ, पडायला शिकवणारी प्रशिक्षक आणि पहिल्या रांगेसाठी माणसे शोधत फिरणारी एखादी सचिव. या कामासाठी पैसा कमी लागतो, माणसे जास्त लागतात, आणि ती अजूनही रिचमंडसारख्या क्लबांकडेच आहेत.